गाय खुराक का सोडते? आतड्यातल्या संप्रेरक-पेशींविषयी

तुम्ही लिहिलंय की गोठ्यात बारा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. डेअरीला फॅट कमी लागत होती म्हणून अख्खी सरकी, भाताचा कोंडा आणि बायपास फॅट (पहिल्या पोटात न विरघळता पुढे जाणारं स्निग्ध) असं तिन्ही एकदम चालू केलं. आठवड्याभरात ताज्या व्यालेल्या चार-पाच गाई गव्हाणीत मुरघास शिल्लक ठेवायला लागल्या. ताप नाही, कासेला सूज नाही, रवंथ चालू आहे. गावातल्या कुणीतरी सांगितलं की गाईच्या आतड्यात हार्मोन तयार करणाऱ्या पेशी असतात आणि त्याच भूक मारतात. हे खरं का, त्या पेशी नेमक्या कुठे असतात, आणि त्यांना आवरायचं कसं, असा तुमचा प्रश्न आहे.

सांगणाऱ्याने खोटं सांगितलेलं नाही. मात्र त्या पेशींना आवरायच्या भानगडीत पडू नका. त्या त्यांचं काम चोख करताहेत. गडबड कुठे झाली त्याचा हिशेब पुढे मांडतो, पण आधी पेशी समजून घेऊ, नाहीतर हिशेब अधांतरी राहील.

शवविच्छेदनात हमखास दिसणाऱ्या एका गोष्टीपासून सुरुवात करतो. चार-पाच दिवस काही न खाता मेलेल्या गाईचं पोट उघडलं की यकृताखाली पित्ताशय लोंबताना दिसतं, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं, कधी कधी दोन मुठींएवढं. गोठ्याचा मालक शेजारी उभा असतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, पित्तानंच गेली बघा.’ मी तीसेक वर्षं हे वाक्य ऐकत आलोय. पित्ताने ती गेलेली नसते. आतड्यात अन्न येतच नव्हतं म्हणून पित्ताशयाला ‘आकुंचन पाव’ हा निरोप मिळाला नाही. यकृत आपलं पित्त तयार करत राहिलं, पिशवी भरत गेली, रिकामी कुणी केलीच नाही. तो निरोप धाडणाऱ्या पेशी आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, अस्तरात एकेकट्या बसलेल्या असतात. निरोपाचं नाव कोलेसिस्टोकायनिन. लांबलचक नाव आहे, आपण सीसीके म्हणू. फुगलेलं पित्ताशय म्हणजे सीसीके सुटलं नाही याची डोळ्यांना दिसणारी खूण.

तुमच्या गाईंच्या बाबतीत याच्या उलट झालंय. सीसीके नको तितकं सुटतंय.

आता या पेशी कुठे असतात ते. थायरॉइड किंवा अंडाशयासारखी त्यांची वेगळी ग्रंथी नसते. पचनमार्गाच्या अस्तरात शंभर पेशींमागे साधारण एक, अशा त्या विखुरलेल्या असतात. भात निवडताना मधूनच एखादा काळा दाणा दिसावा तशा. पण गाईचं लहान आतडंच चाळीस मीटरच्या आसपास लांब असतं आणि त्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे उंचवटे असतात. एवढ्या पृष्ठभागावरच्या सगळ्या पेशी गोळा केल्या तर शरीरातली सर्वात मोठी अंतःस्रावी ग्रंथी तयार होईल. गोळा करता येत नाहीत म्हणून पुस्तकात त्यांना उशिरा जागा मिळाली.

गाईच्या बाबतीत इथे एक मोठा फरक आहे आणि तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. रुमेन म्हणजे कोठीपोट, त्याला चिकटलेलं जाळीपोट, आणि मग पुस्तकाच्या पानांसारख्या घड्यांचं पडदेपोट, या तिन्हींच्या आतलं अस्तर आपल्या कातडीसारखं थरांचं आणि कडक असतं. त्यात ग्रंथी नाहीत, आणि या पेशीही नाहीत. शंभर-दीडशे लिटरचं आंबवण्याचं पिंप, आणि त्यात एकही संप्रेरक-पेशी नाही! रुमेनला मेंदूशी बोलायचं असलं तर ते मज्जातंतूंमार्फत बोलतं. भिंत ताणली गेली, आम्ल वाढलं, तर व्हेगस नावाच्या नसेतून खबर वर जाते. रक्तात संप्रेरक सोडणाऱ्या पेशी चौथ्या पोटापासून, म्हणजे खऱ्या पोटापासून सुरू होतात. तिथून लहान आतड्याच्या सुरुवातीला त्यांची दाटी असते, पुढे पुढे विरळ होत जाते, आणि शेवटच्या भागात वेगळ्याच प्रकारच्या पेशी भेटतात.

याचा व्यवहारातला अर्थ नीट ध्यानात घ्या. तुम्ही गव्हाणीत काय टाकलंत ते या पेशींना कधीच दिसत नाही. कडबा, मका, पेंड हे सगळं आधी रुमेनमधल्या जिवाणूंच्या हाताखालून जातं. पिष्टमय पदार्थांचा बहुतेक भाग तिथेच आंबून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी आम्लं तयार होतात आणि गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा साठ-सत्तर टक्के भाग रुमेनच्या भिंतीतूनच रक्तात जातो. चौथ्या पोटात पोचतं ते उरलंसुरलं: मेलेले जिवाणू, न पचलेला थोडा चारा, रुमेनमधून निसटलेली प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या आतड्यातल्या पेशींना जेवण दिसतं. गाईच्या पेशींना जेवणाची आंबोण दिसते. म्हणून माणसांवरची माहिती वाचून गाईचा खुराक ठरवू नये. जेवणानंतर इन्शुलिन वाढवायला मदत करणारं जीआयपी नावाचं संप्रेरक माणसात साखरेने उसळतं. मोठ्या गाईच्या आतड्यात साखर पोचतेच थोडी, त्यामुळे रवंथ करणाऱ्या जनावरांत ते मुख्यतः स्निग्धाला प्रतिसाद देतं.

चौथ्या पोटाचंही तसंच. आपण जेवतो तेव्हा आपल्या पोटात अन्न येतं आणि जेवणागणिक गॅस्ट्रिन, म्हणजे आम्ल वाढवणारं संप्रेरक, वर-खाली होतं. गाईच्या चौथ्या पोटात रुमेनमधून दिवसरात्र थोडं थोडं पाझरतच असतं. त्यामुळे आम्लही सतत सुटतं आणि माणसासारखे मोठे चढउतार दिसत नाहीत.

वासराचं मात्र निराळं. वासरू मान वर करून चोखायला लागलं की अन्ननलिकेच्या टोकापासून एक पन्हाळ मिटून नळी तयार होते आणि दूध रुमेनला बगल देऊन सरळ चौथ्या पोटात उतरतं. म्हणजे वासराच्या पेशींना खरंखुरं दूध दिसतं, दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी. जन्मतः त्याचं चौथं पोट रुमेनपेक्षा मोठंच असतं. तीन-चार महिन्यांत तेच वासरू आंबोणीवर जगणारं जनावर होतं. पेशी त्याच, पण त्यांच्यासमोर येणारा माल पार बदललेला.

तुम्ही पेशी कशी दिसते हेही विचारलंय, आणि हा माझा आवडीचा भाग असल्याने थोडा रेंगाळतो. पदव्युत्तर अभ्यासाला असताना मी महिनोन् महिने हेच काप बघितलेत. आतड्याचा पाच मायक्रॉन जाडीचा काप नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात बघितला तर ही पेशी ओळखूच येत नाही. फार तर थोडी फिकट वाटते. चांदीच्या क्षाराने रंगवली की मात्र उठून दिसते. ग्रंथीच्या तळाशी, शेजारच्या उंच पेशींच्या मध्ये दबलेली एक तिकोनी पेशी, आणि तिच्या खालच्या निम्म्या भागात बारीक काळे कण, मोहरीची पूड सांडावी तसे. कण खालच्या बाजूला का, हे लक्षात आलं तेव्हा मला खरी मजा वाटली. शेजारची चिकट स्राव करणारी पेशी आपला माल वरच्या बाजूला, आतड्याच्या पोकळीकडे ठेवते, कारण तिला तो तिकडे ओतायचा असतो. हिचा माल उलट्या दिशेला, पायथ्याच्या केशवाहिनीकडे. तोंड आतड्यात, तिजोरी रक्ताच्या दारात. बऱ्याच पेशींचं वरचं टोक पोकळीपर्यंत पोचतं आणि तिथल्या बारीक केसांसारख्या टोकांनी त्या समोरून जाणाऱ्या मालाची चव घेतात. काहींचं टोक वर पोचतच नाही. त्यांना खबर शेजाऱ्यांकडून, नसांकडून किंवा रक्तातून मिळते.

हे काप बनवायचे म्हणजे कटकट असते. आतड्याचं अस्तर जनावर मेल्यावर फार भराभर सडतं. अर्ध्या तासात वरचे उंचवटे झडायला लागतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैलाच्याही कत्तलीला बंदी असल्याने ताजे नमुने मिळतात ते बहुधा म्हशीचे, कत्तलखान्यातून, पहाटे बर्फ आणि फॉर्मॅलिनची बाटली घेऊन जाऊन. नैसर्गिक मेलेल्या गाईचा नमुना आपल्या हातात येईतो तासन् तास गेलेले असतात. माझा पहिला गठ्ठा वाया गेला तो तर माझ्याच चुकीने. सेरोटोनिन साठवणाऱ्या पेशी बघायच्या होत्या आणि फॉर्मॅलिन संपलं म्हणून मी तुकडे अल्कोहोलमध्ये ठेवले. त्या पेशींची चांदीला काळं करण्याची ताकद फॉर्मॅलिनमुळेच टिकते, अल्कोहोलमध्ये ती जाते. सगळे काप कोरे. दुसऱ्या वेळी नळाचं पाणी वापरलं. त्यातल्या क्लोराइडने चांदीचा साका बसला आणि सगळीकडे काळी धूळ. तिसऱ्या वेळी कुठे पेशी दिसल्या.

इतिहासही मोठा रंजक आहे, थोडक्यात सांगतो. जर्मनीत हायडेनहाइनने १८७० मध्ये पोटाच्या अस्तरात या वेगळ्या पेशी पाहिल्या, पण काम कळलं नाही. १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाच्या सगळ्या नसा तोडल्या, त्यात आम्ल सोडलं, तरीही स्वादुपिंडातून रस गळायला लागला. नस नाही तर निरोप गेला कसा? मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडून वाळू आणि आम्लासोबत घोटलं, गाळलं आणि शिरेतून दिलं; पुन्हा रस गळला. त्या द्रव्याचं नाव सिक्रेटिन. ‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंगने वापरला तो त्यानंतर, १९०५ मध्ये. म्हणजे आज इंजेक्शनच्या बाटलीवर दिसणारा हा शब्द जन्माला आला तो आतड्याच्या अस्तरावरच्या कामातून.

या पेशींची जात एक नाही. एकेका जातीला इंग्रजी अक्षर दिलेलं असतं. चौथ्या पोटाच्या शेवटच्या भागात ‘जी’ (G) पेशी असते, तिचं गॅस्ट्रिन आम्ल वाढवतं. तिच्या शेजारीच डी पेशी, तिचं सोमॅटोस्टॅटिन सगळ्यांना गप्प बसवतं, वर्गातल्या मॉनिटरसारखी. सेरोटोनिनवाल्या पेशी तर चौथ्या पोटापासून गुदापर्यंत सगळीकडे, आणि शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन मेंदूत नव्हे, आतड्यातच तयार होतं. आतड्याची हालचाल आणि पाणी सुटणं त्याच्या हातात. आतड्याच्या सुरुवातीला आय पेशी सीसीकेच्या, एस पेशी सिक्रेटिनच्या, के पेशी जीआयपीच्या. शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्यात एल पेशी. त्यांच्यातून जीएलपी-१, जीएलपी-२ आणि पीवायवाय ही संप्रेरकं सुटतात. माणसांची वजन कमी करायची जी इंजेक्शनं हल्ली गाजताहेत ती याच जीएलपी-१ ची नक्कल आहेत. आणि या सगळ्यांच्या विरुद्ध बाजूला एकटं घ्रेलिन, भूक लावणारं. ते १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांना उंदराच्या पोटात सापडलं. गाईचं घ्रेलिन चौथ्या पोटात तयार होतं, त्यात २७ अमिनो आम्लं, माणसाच्यात २८. खाण्याच्या वेळेआधी ते रक्तात वाढतं, खाल्ल्यावर उतरतं. ठरल्या वेळेला खुराकाची बादली वाजली की तुमच्या गाई हंबरतात त्यात सवयीचा वाटा मोठा आहेच, पण थोडा याचाही.

आता तुमच्या गाई. वैरणीचा तपशील तुम्ही दिला हे बरं केलंत, नाहीतर बहुतेक जण ‘खुराक चांगला देतो’ एवढंच सांगतात. गाईमागे रोज २ किलो अख्खी सरकी, २ किलो भाताचा कोंडा, ३०० ग्रॅम बायपास फॅट, बाकी मुरघास, कडबा आणि गोळी पेंड. सरकीत साधारण १९ टक्के तेल धरलं तर ३८० ग्रॅम. कोंडा तेल न काढलेला दिसतो, १४ टक्के धरू, म्हणजे २८० ग्रॅम. तुमच्या बायपास फॅटच्या पोत्यावर ८४ टक्के लिहिलंय, म्हणजे २५० ग्रॅम. उरलेल्या १२ किलो कोरड्या वैरणीत ३ टक्क्यांनी ३६० ग्रॅम. बेरीज झाली १२७० ग्रॅम. गाय दिवसाला कोरडं वजन धरून सोळा किलो खाते असं मानलं तर हे आठ टक्क्यांच्या घरात जातं. एकूण आहारात सहा, फार तर सात टक्क्यांच्या वर स्निग्ध नसावं हा जुना आणि टिकलेला दंडक आहे. तुम्ही एका फटक्यात तो ओलांडलात.

मग आत दोन गोष्टी झाल्या. पहिली रुमेनमध्ये, तिचा संप्रेरकांशी संबंध नाही. सरकीच्या आणि कोंड्याच्या मोकळ्या तेलाने चाऱ्याच्या धाग्यांवर थर बसतो आणि धागे पचवणारे जिवाणू मंदावतात. चारा हळू पचतो, कोठी रिकामी व्हायला वेळ लागतो. दुसरी गोष्ट त्याच्या पुढे घडते. बायपास फॅट म्हणजे नावाप्रमाणे रुमेनला वळसा घालून आलेलं स्निग्ध. ते आतड्याच्या सुरुवातीला आय पेशींच्या पुढ्यात येऊन पडतं. सीसीके वाढतं. पित्ताशय आवळतं, स्वादुपिंड रस सोडतं, इथवर फायद्याचंच. पण तेच सीसीके चौथ्या पोटाचं दार जरा ओढून घेतं आणि मेंदूला ‘पुरे’ कळवतं. त्यातूनही निसटलेलं स्निग्ध आतड्याच्या शेवटाला पोचलं की एल पेशी जीएलपी-१ सोडतात आणि मागून ब्रेक लावतात. दुभत्या गाईंवर स्निग्ध वाढवून केलेल्या प्रयोगांत हेच दिसलंय: रक्तात सीसीके आणि जीएलपी-१ वर, खाणं खाली. आणि स्निग्ध जितकं असंतृप्त तितकं खाणं जास्त घटतं. पामतेलाच्या कॅल्शियम साबणात असंतृप्त भाग बराच असतो, शिवाय त्याची चव आणि वास गाईंना सुरुवातीला आवडत नाही, हेही धरा.

म्हणून तिन्ही एकत्र नकोत. कोंडा ताबडतोब बंद करा किंवा तेल काढलेला घ्या. सरकी एक किलोवर आणा. बायपास फॅट आठवडाभर पूर्ण थांबवा, गाई गव्हाण चाटून पुसून खायला लागल्या की ५० ग्रॅमपासून सुरू करून दोन आठवड्यांत १५०-२०० वर न्या, आणि एकटंच न टाकता पेंडीत नीट मिसळून. ताजी व्यालेली गाय पहिल्या काही आठवड्यांत मुळातच गरजेपेक्षा कमी खाते. तिला खाण्यातून मिळते त्याहून जास्त ऊर्जा दुधात जात असते. त्याच काळात भूक मारणारा खुराक दिला तर चार किलो मुरघास सोडून देऊन दोनशे ग्रॅम चरबी मिळवली, असा तो सौदा होतो.

एक खबरदारी. सगळ्याचा ठपका या पेशींवर ठेवू नका. नुसत्या कडब्यावर आणि गव्हाच्या काडावर असलेली भाकड गाय कमी खाते ती कोठी भरल्यामुळे. तिथे भिंतीचा ताण बोलतो, संप्रेरकं नव्हे. त्या गाईला स्निग्ध कमी-जास्त करून काही होणार नाही, चारा बारीक करून आणि बरोबर थोडं प्रथिन देऊन होईल. आणि तुमच्या त्या चार-पाच गाईंचं दूध एकदा कीटोनसाठी (अंगातली चरबी वितळली की वाढणारी द्रव्यं) तपासून घ्या. तोंडाला गोडसर, कुजक्या फळासारखा वास येत असेल तर मामला वेगळा आहे.

तुम्ही मक्याचाही विषय काढलाय. ‘मका भरडा वाढवला तर दूध वाढत नाही, शेणात दाणे दिसतात, हेही हार्मोनमुळे का?’ अंशतः हो. भरडा जाड असला तर दाणे तसेच निघतात, तो गिरणीचा दोष, तो आधी दुरुस्त करा. पण बारीक केलेला मका जास्त झाला आणि त्यातलं पिष्ट रुमेनमधून निसटून आतड्यात गेलं तर गाईला ते पचवण्याची कुवत मर्यादितच असते. इथे गाईचं शरीर माणसाच्या अपेक्षेच्या उलट वागतं. आतड्यात पिष्ट जास्त आलं की स्वादुपिंडाने पिष्ट पचवणारं अमायलेज वाढवावं, असं वाटतं ना? गुरांच्या चौथ्या पोटात नळीने पिष्ट सोडून पाहिलं तेव्हा अमायलेज घटलं. केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन सोडलं तेव्हा ते वाढलं. आतड्यातल्या पेशींना प्रथिनाची खबर लागते आणि तो निरोप स्वादुपिंडाला पोचतो, असा त्याचा अर्थ लावतात. गोठ्यासाठी निष्कर्ष एवढाच की नुसता मका ओतून चालत नाही, रुमेनमधून निसटणारं प्रथिन, उदाहरणार्थ चांगली भाजलेली सोयाबीन पेंड, त्याच्या जोडीला हवं. शेण पातळ, फेसाळ आणि आंबूस वासाचं येत असेल तर पिष्ट मागच्या आतड्यात जाऊन आंबतंय.

जंतांचं तुम्ही विचारलेलं नाही, पण याच पेशींचा सगळ्यात स्पष्ट खेळ तिथे दिसतो म्हणून सांगतो. थंड देशांत गुरांच्या चौथ्या पोटात ऑस्टरटेजिया नावाचा जंत असतो. तो आम्ल सोडणाऱ्या ग्रंथींच्या आत वाढतो आणि त्या निकामी करतो. आम्ल कमी झालं की तिथलं वातावरण पार बदलतं. प्रथिन पचवणारं पेप्सिन तयार होत नाही आणि जे जिवाणू मरायला हवे होते ते जगतात. ‘जी’ पेशींना हे लगेच कळतं. त्या आम्ल वाढवण्यासाठी गॅस्ट्रिन सोडत राहतात, सोडत राहतात, पण ऐकणाऱ्या ग्रंथीच उरलेल्या नसतात. रक्तात गॅस्ट्रिनचा ढीग होतो आणि वासराची भूक मरते. या दोन्हींचा संबंध ब्रिटनमधल्या प्रयोगांत १९८० च्या दशकात दाखवला गेला. आपल्याकडे चौथ्या पोटात हिमाँकस आणि मेसिस्टोसिर्रस हे रक्त पिणारे जंत जास्त. हिमाँकस झालेल्या मेंढ्यांतही गॅस्ट्रिन वाढलेलं आढळलंय. पावसाळ्यानंतर एखादी कालवड चारा हुंगून बाजूला होते, जबड्याखाली पाण्याची पिशवी येते, डोळ्याची आतली बाजू पांढरी पडते. तिला भूकवाढीचं चूर्ण चारून उपयोग नाही. शेण तपासा, जंतनाशक द्या.

चौथं पोट सरकण्याचा आजार तुमच्या पट्ट्यात एचएफ वाढल्यापासून बराच दिसतो. व्याल्यानंतर पहिल्या महिन्यात डाव्या बाजूच्या शेवटच्या बरगड्यांवर टिचकी मारून स्टेथोस्कोपने ऐकलं की पितळी भांड्यावर टिचकी मारल्यासारखा ‘पिंग’ आवाज येतो. चौथं पोट सुस्त पडून त्यात वायू भरलेला असतो. रक्तातलं कॅल्शियम कमी होणं हे त्यामागचं मोठं कारण. मोटिलिन नावाचं आतड्यातलं संप्रेरक पोट झाडून काढणाऱ्या लाटा उठवतं, आणि एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक योगायोगाने त्याच्याच कुलुपाला लागणारी किल्ली आहे. शस्त्रक्रियेआधी ते दिल्यावर चौथं पोट लवकर रिकामं होतं, असं गाईंत दाखवलं गेलंय. हे वाचून मेडिकलमधून बाटली आणू नका, हात जोडून सांगतो. दुधात अंश उतरतो, दूध टाकावं लागतं, आणि पोट सरळ केल्याशिवाय ते काम करत नाही.

वासरांचं थोडं. पहिला चीक तासा-दोन तासांत, आणि वजनाच्या दहा टक्के हिशेबाने, हे तुम्ही करत असालच. रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून आत जाण्याची दारं चोवीस तासांत मिटतात, हेही माहीत असेल. शिवाय चिकाबरोबर आतड्याची वाढही जोरात सुरू होते. एल पेशींचं जीएलपी-२ हे आतड्याचं खत म्हणायला हरकत नाही. वासरांना ते टोचून पाहिलं तेव्हा लहान आतड्याचा रक्तपुरवठा वाढला आणि अस्तर जाड झालं. टोचायची गरज नाही, वेळेवर दूध दिलं की शरीर आपलं आपण सोडतं. पण दूध चौथ्या पोटात पोचायला हवं. बादलीत तोंड घालून घटाघटा पिणाऱ्या काही वासरांची ती पन्हाळ नीट मिटत नाही, दूध रुमेनमध्ये सांडतं आणि नासतं. पोट लोंबलेलं, केस राठ, शेण राखाडी मातीसारखं. अशा वासराला निपलच्या बाटलीवर किंवा निपल लावलेल्या बादलीवर घ्या, मान वर ठेवून.

‘हार्मोन’ हा शब्द गोठ्यात निघाला की लोकांना पान्हा सोडवायचं ऑक्सिटोसिन आठवतं. त्याचा इथे संबंध नाही; ते मेंदूखालच्या ग्रंथीतून येतं, आणि रोज टोचून पान्हा सोडवण्याची सवय वाईटच. तुम्ही पाठवलेल्या फोटोतलं ‘आतड्यातले हार्मोन संतुलित करणारं’ चूर्ण पाहिलं. पाकिटावर घटक म्हणून यीस्ट, हळद आणि सुंठ लिहिलंय. यीस्ट रुमेनला बरं, सुंठ-हळदीने नुकसान नाही. पण सीसीकेला आवर घालील असं त्यात काहीच नाही, आणि घातला तरी गाईचं पित्त आणि स्वादुपिंडाचा रस कमी होईल. ते पैसे मुरघासाच्या पिशवीवर घाला.

उद्यापासून एवढं करा. सकाळी वैरण टाकायच्या आधी गव्हाणीत उरलेलं गाईनिहाय वजन करून वहीत लिहा, दहा दिवस. कोंडा आणि बायपास फॅट बंद केल्याची तारीख वरच्या ओळीत. चौथ्या-पाचव्या दिवसापासून उरलेलं कमी व्हायला हवं. सगळ्या गाईंत झालं आणि एखाद-दुसरीतच झालं नाही, तर त्या गाईची डावी बरगडी टिचकी मारून ऐकायला डॉक्टरांना बोलवा. वहीच्या त्या पानाचा फोटो मला पाठवा.